टोपी वाळेपर्यंत मान हलवायची नाही

साओदत वन्सं, तुम्हाला आणि घरातल्या लहानथोरांना अनोरगुलचा सलाम. गुडघे काय म्हणतायत? समरकंदच्या थंडीला घाबरून घरात बसलात, की अजून बाजारभर हिंडताय? मी बरी आहे, फक्त एका जागी बूड टेकत नाही. हे पत्रसुद्धा उभ्यानेच लिहितेय, अंगणाच्या भिंतीवर कागद ठेवून.

कारण टोपी. गुरुवारी आमच्या झुल्हुमोरचं लग्न, आणि जावयाच्या डोक्यावर जरीची मखमली टोपी ठेवायची मी, सासूने, सगळ्या गावासमोर. ती कानावर घसरली किंवा टाळूवरच अडकली, तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. टोपी तयार होती हो! नुसती एका बाजूला मखमल चेपली होती, म्हणून लव उभी करायला किटलीच्या वाफेवर धरली. (इस्त्री नाही फिरवली. तुमच्या भावाने एवढं तरी शिकवलंय.) तेवढ्यात शेजारची रिसोलत भिंतीवरून डोकावली. तिला दोन टोमणे मारल्याशिवाय मला कुठली चैन? टोपी किटलीवरच टेकवून गेले. परत येऊन बघते तर खळ विरघळलेली आणि टोपी उकडलेल्या कोबीच्या पानासारखी लोंबतेय.

पुन्हा खळ लावली, पण वाळवायची कशावर? टोप्या वाळवायचा लाकडी ठोकळा तुम्ही भावाची आठवण म्हणून घेऊन गेलात. (नेलात ते नेलात, मी काही बोलले का?) भोपळ्यावर चढवली, तर टोपीवर भोपळ्याच्या फाका उठल्या. जावयाच्या डोक्यावर लग्नाआधी ठेवायची नाही, अपशकुन. मग त्याच्या मापाचा गाठ मारलेला दोरा घेतला आणि दिसेल त्या पुरुषाच्या डोक्याला गुंडाळत गल्लीभर फिरले. जुळलं कुणाचं, तर तंदूरवाल्या हल्मुरोदचं! तोच तो विधुर, करपलेले नान मलाच देतो म्हणून मी ज्याच्याशी रोज भांडते. त्याला अंगणात बसवलं, ओली टोपी चढवली आणि बजावलं, वाळेपर्यंत मान हलवायची नाही, तोंड उघडायचं नाही, कपाळ हललं की टोपी वाकडी होते.

झालं! रिसोलत भिंतीवर हजर. "अगं बाई, नवरदेवाची टोपी घालून विधवेच्या अंगणात! काय हल्मुरोद-अका, ठरलं वाटतं?" त्याला मान हलवून नाही म्हणता येईना. बिचाऱ्याने आपला छातीवर हात ठेवून सलाम केला, आणि तिने तो होकारच धरला. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली मुबारक म्हणायला दारात. मी त्याच्यावर ओरडले, "नाही म्हणायला काय झालं होतं?" तर म्हणतो, "तुम्हीच म्हणालात, हलू नका."

तेव्हा वन्सं, माझी अब्रू तुमच्या हातात. ठोकळा पहिल्या बसवाल्याकडे द्या.

तुमची वहिनी,
अनोरगुल

ता. क. जावयाची टोपी खरं तर केव्हाच वाळली. दोऱ्याला अगदी बरोबर बसते. पेटीत ठेवलीय. हल्मुरोदला अजून सांगितलेलं नाही. तो रोज दुपारी गरम नान घेऊन येतो (हल्ली करपत नाहीत) आणि गुपचूप बसतो. आता त्याच्या डोक्यावर ओली करून ठेवते ती तुमच्या भावाची जुनी काळी. जरीकाम कुठे गेलं, रंग कसा बदलला, त्याने एकदाही विचारलं नाही.

आणखी एक. ठोकळा राहू दे तिकडेच. गुरुवारी तुम्ही मात्र या. आणि रिसोलतने तुम्हालाही विचारलं ना, ठरलं का म्हणून, तर वन्सं, तुम्हीसुद्धा मान हलवू नका.