सर्व्हरची पत

३ मार्च, सोमवार
परत तेच! आपल्या हॉस्पिटलचे मेल पोचतच नाहीत. म्हणजे निघतात — सर्व्हर छातीठोकपणे सांगतो 'पाठवलं' — आणि पेशंटच्या जंकमध्ये जाऊन पडतात. काही तर दारातूनच परत. लॅबच्या डॉक्टरीणबाई खाली माझ्या कॉम्प्युटर विभागात आल्या. "अगं, रिपोर्ट मिळाला नाही ऐकून ऐकून कान किटले माझे. बघ ना काहीतरी!"
काय बघू? कारण ठाऊक आहे, तेच तर दुखणं.

४ मार्च
मोठ्या साहेबांना समजावलं. नव्या सॉफ्टवेअरमधून आपण ऊठसूट मेल धाडतो. अपॉइंटमेंट घेतली, अपॉइंटमेंट उद्या आहे, आमची सेवा कशी वाटली, वाढदिवसाच्या शुभेच्छा! माणसं वैतागून 'स्पॅम' दाबतात. बंद पडलेल्या पत्त्यांवरही आपलं पाठवणं चालूच. मेलवाल्या कंपन्या हे सगळं बघत असतात. त्यांच्या लेखी आपल्या सर्व्हरची पत गेली. आणि रिपोर्टही त्याच सर्व्हरवरून जातात — सुक्याबरोबर ओलंही जळतं.
"मेल फुकट असतो ना? मग बिघडलं कुठे?" — साहेब.
डोकं आपटावं कुठे!

७ मार्च
शिवणकाम करणाऱ्या एक बाई. गाठीची तपासणी झालेली. रिपोर्ट वाईट — आणि मेल जंकमध्ये. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं घरचे धरून चाललेले. आज लेकीने सहज फोन केला तेव्हा कळलं. तशीच आली, माझ्या टेबलासमोर उभी राहून ओरडली, "नको ते मेल रोज यायचे. हवा होता तोच नेमका नाही!"
घरी नवरा म्हणाला, "तू थोडीच डॉक्टर आहेस?" ताट सारून उठले.

८ मार्च
साहेबांचा उपाय : सगळ्या पेशंटना माफीचा मेल पाठवा. सगळ्यांना! एकदम!
मी हसले. मग जिन्यात जाऊन रडले.

१० मार्च
नाही पाठवला. उलट ते आपोआप जाणारे मेल बंद करून टाकले — कुणाला न विचारता. रिपोर्टसाठी वेगळा सर्व्हर लावला. पण नव्याला ओळखतं कोण? थोडे थोडे मेल पाठवत त्याचीही पत कमवायची. थेंबाने गेली ती हौदाने येत नाही! तोवर मी आणि टेलिफोनवरच्या ताई एकेकाला फोन करतोय. "जंक उघडून बघा हो." घसा बसला.

११ मार्च
मेमो. लेकीने लेखी तक्रार केली, साहेबांनी खापर माझ्या डोक्यावर फोडलं. चौकशी होणार. नोकरी जाणार.

१४ मार्च
रिपोर्ट पोचू लागलेत. आनंद व्हायला हवा. बाईंचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा आधी आल्या असत्या तर —" त्या अर्ध्या वाक्यावर दिवसभर लटकून आहे. माझ्यामुळे. माझ्या मेलमुळे.

१७ मार्च
बाई स्वतः आल्या. लेक केसपेपर काढायला गेली तेवढ्यात. दार लोटून घेतलं.
"ताई, तुमचा मेल मला त्याच दिवशी दिसला होता. जंकमध्ये. वाचला मी. पोरीची परीक्षा चालली होती हो... तिला सांगू नका."
चौकशी उद्या आहे. आणि मी 'नाही सांगणार' म्हणून शब्द देऊन बसले!