रिंगवर बांधलेली टोपली

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता रागवायचं म्हटलं तरी समोर कोणी नाही. तरी राग आहे, आणि तो सांगायलाच बसलेय. सुरुवातीला आदरणीय, पूज्य वगैरे काही लिहीत नाही. ते तुम्हालाही खपलं नसतं.

टोपली आणलीत तो दिवस मला अजून दिसतो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुमच्या डोंगरी गावाहून बसने येताना तुम्ही मांडीवर मासळीची जुनी टोपली घेऊन आलात. कंडक्टरने "मासळीवाली मावशी खाली राहिली काय?" म्हणून विचारलं, हे तुम्हीच हसत सांगितलंत. मग शिडी लावून टोपली बास्केटबॉलच्या रिंगवर पालथी घातलीत आणि सुतळीने करकचून बांधलीत. आम्ही पोरी नाकाला ओढण्या लावून खिदळतोय. तुम्ही वरूनच ओरडलात, "हसा, हसा. आता कितीबी चांगला मारा, बॉल आत जानार न्हाय. बाहेर येनार हाय. कुठं येनार, त्ये सांगा मला." त्या दिवशी घरी गेले तर आईने दारातच विचारलं, "कॉलेजातून आलीस की बाजारातून?" माझ्या हातांना सुकटीचा वास येत होता.

रिबाउंड, म्हणजे चुकून परत उडालेला बॉल पकडणं, म्हणजे उंच उडी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही उडी मारूच देत नव्हता. शॉट सुटला की बॉलकडे बघायचं नाही. आधी समोरच्या टीममधली आपल्या वाट्याची पोरगी शोधायची, तिला हात लागला की गर्रकन वळून पाठ लावायची, कंबर खाली, पाय फाकवून, आणि तिला तिथेच थोपवून धरायचं. उडी सगळ्यात शेवटी. "आधी मानूस, मंग बॉल," हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की मी झोपेत बडबडायचे. कोपऱ्यातून मारलेला बॉल बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जातो, लांबून मारलेला लांब उडतो, हे सगळं त्या टोपलीखाली शिकले. गुडघे सोलले, एकदा ओठ फुटला. बाकीच्या जणी थोड्या वेळाने समोरच्या मोकळ्या रिंगवर शॉट मारायला जायच्या. मी टोपलीखालीच. एकदा धीर करून म्हटलं, "सर, मला पण शॉट शिकवा ना." तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत. "तुला कशाला? शॉट मारनाऱ्या धा मिलतात. तू येकच हायस." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. जेवलेसुद्धा त्याच्यावरच, म्हणा ना.

आमचे बाबा रत्नागिरीचे, कंपनीत नोकरीला. त्यांना बास्केटबॉल म्हणजे पोरींनी चड्डी घालून धावायचं एवढंच कळायचं. तरी त्यांनी शब्द दिला होता: युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली तर तिसऱ्या वर्षीही खेळ, नाही तर खेळ बंद आणि कॉलेज सुटलं की टायपिंगचा क्लास. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बाबांना सांग, मी हाय."

आणि तुम्ही होतातच. ट्रायलला निवड करणाऱ्यांच्या टेबलावर, तिघांमध्ये मधोमध. आपल्या कॉलेजातून आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि आपली ती शॉट मारणारी. मॅच खेळवली तेव्हा तिचा पहिला शॉट चुकला, मी पाठ लावून बॉल काढला आणि तिला दिला. दुसराही चुकला, पुन्हा काढला, पुन्हा दिला. तिसरा आत गेला आणि टाळ्या पडल्या. नंतर एकेकीला समोरून मोकळे शॉट मारायला फ्री-थ्रो लाइनवर उभं केलं. माझा एक बॉल रिंगला लागला, एक बोर्डाला, बाकीचे कुठेच लागले नाहीत. छातीवरचा नंबर परत द्यायला टेबलापाशी आले, तेव्हा एक बाई विचारत होत्या, "ही बॉल कुणाला घेऊच देत नाही. कोण हो ही?" तुमची माझ्याकडे पाठ होती. तुम्ही म्हणालात, "मेहनत हाय, पन शूटिंग न्हाय. रिंगकडं बघत पन न्हाय ती. तिला सोडा, दुसरी घ्या."

रिंगकडे बघू नको असं मला कोणी शिकवलं, सर? रिंगवर झाकण कोणी बांधलं? परत येताना भाईंदरला उतरल्यावर तुम्ही मला चहा पाजलात आणि म्हणालात, "दोघींसाठी भांडलो असतो, तर येकपन गेली नसती. कॉलेजचं नाव तर लागलं ना?" तुम्ही कप ठेवलात, आणि जाता जाता म्हणालात, "सोमवारी ये. टोपली सुटत आलीय, बांधायला लागंल." आधी माणूस म्हणणारे तुम्ही! मला ढोरासारखं राबवलंत आणि वेळ आली तेव्हा ओळखसुद्धा दाखवली नाहीत. सोमवारी मी आले नाही. बाबांनी टायपिंगच्या क्लासची फी भरली. पुढे टायपिंग, मग नोकरी, मग संसार. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा डोंगरीच्या अलीकडे मोरव्यापर्यंत आले होते, तिथूनच परत फिरले.

डोंगरीच्या तुमच्या घरात आता कोण राहतं, मला माहीत नाही. हे पत्र कपाटातच राहील, साड्यांच्या खाली. फक्त एक सांगायचं राहिलं. आमच्या सोसायटीत पोरांनी कंपाउंडमध्ये रिंग लावलीय. परवा दुपारी खाली कोणी नव्हतं, बॉल तसाच पडला होता. मी चार पावलं लांब उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, सरळ रिंगवर मारला. बॉल हातातून सुटला मात्र, माझे पाय धावले. मी वळले, नसलेल्या पोरीला पाठ लावली, कंबर खाली घातली आणि हात वर केले. बॉल वरून थेट माझ्या हातात पडला. जाळी हलत होती. शॉट आत गेला होता, सर, आणि मी तो पाहिलाच नाही.