क्रॉसओव्हर आणि बाबांचे कान

ता. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांच्या चोरून लिहितेय, तेव्हा उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. जुने स्पीकर जळाले म्हणून त्यांनी गेल्या महिन्यात कुणाकडून तरी वापरलेले दोन मोठे स्पीकर आणले. तुला विचारू या म्हटलं, तर म्हणाले, ताई आधी दहा चुका काढेल. मग हौसेनं व्हायोलिनची रेकॉर्ड लावली आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहराच उतरला. सूर गोधडीखालून आल्यासारखे! मलाही तसंच ऐकू येतंय म्हटलं, तर म्हणाले, तुला सूर कधी कळलाय?

सत्तरीत कान गेले, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय. डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. चाळीस वर्षं जमवलेल्या रेकॉर्ड वाचनालयाला द्यायचं कळवूनही झालं. वीस तारखेला गाडी येणार. एकेक रेकॉर्ड पुसून खोक्यात ठेवतात, ते बघवत नाही गं. तू दुकान बंद केलंस, पण रेडिओ दुरुस्त करणारं डोकं चालू आहे ना?

तुझी,
भिंगरी

ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

डोकं चालू आहे, आणि जीभही. तुझा बाप सत्तरीचा नाही, अडुसष्टचा आहे. वय फुगवून लाड करून घ्यायची त्याची सवय जुनीच.

आता नीट वाच. प्रत्येक स्पीकरच्या पेटीत मोठा कर्णा जाड आवाजासाठी असतो आणि छोटा बारीक आवाजासाठी. कुठला आवाज कुणाकडे धाडायचा हे आतली एक पट्टी ठरवते, तो क्रॉसओव्हर. गाणं चालू असताना छोट्याला कान लाव. तो गप्प असेल तर सगळं बंद करून त्याच्या वायरी सोडव आणि टॉर्चचा सेल क्षणभर टेकव. टक झालं तर बिचारा जिवंत आहे, खोट क्रॉसओव्हरमध्ये. त्यावरचा, छोट्याकडे आवाज सोडणारा कपॅसिटर सुकला असणार. दोन्ही पेट्या एका वयाच्या, म्हणून एकदमच मुक्या झाल्या. जुन्यावरचा आकडा बघून तसेच दोन नवे आण. उलटसुलट कसेही बसणारे माग. सोल्डर करायला मी शिकवलंय तुला. बोट भाजलं तरी रडली नव्हतीस.

तुझी,
आत्या

ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फजिती ऐक. दुपारी बाबा आत झोपलेले. मी पेटी जेवणाच्या टेबलावर आडवी करून छोट्याला सेल टेकवला. टक! पुन्हा टेकवला, पुन्हा टक! तिसऱ्यांदा टेकवणार, तोच आतून बाबा ओरडले, कोण टकटक करतंय, माणसाला झोपू द्याल की नाही!

बाहेर येऊन बघतात तर पेटीचं पोट उघडं आणि मी स्क्रू तोंडात धरलेली. मी स्क्रू काढून विचारलं, दार लोटलेलं, पंखा घरघरतोय, आणि कान गेलेल्या माणसाला एवढीशी टक ऐकू आली? बाबा आल्या पावली आत वळले. मग चष्मा घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यावर टॉर्च धरून चुका काढत बसले. आकडा बघून बाजारातून आणलेला पहिला कपॅसिटर मी बसवला, दुसरा हट्टानं त्यांनी. त्यांचाच जास्त नीट बसला, असं लिहायला सांगितलंय.

मग व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, सूर गोधडीतून बाहेर आले. एक बाजू संपली, तरी सुई उचलायला उठले नाहीत.

तुझी,
भिंगरी

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीनं सगळं कळवलंच असेल, मीठमसाला लावून. काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा किंचित मंद आहे, उजवा ठणठणीत. वाचनालयाला नकार कळवला, तर तिथल्या बाईंचा आवाज इतका पडला की दुहेरी असलेल्या तीस रेकॉर्ड देऊन टाकल्या.

खरं सांगू? हे स्पीकर आणले त्या रात्री गाणं विझल्यासारखं वाटलं, तेव्हा पहिल्यांदा तुलाच कळवावंसं वाटलं होतं. तू हसशील म्हणून भ्यालो. महिनाभर घरात कुणी हसलं नाही, ताई. तू हसली असतीस तर बरं झालं असतं.

रविवारी ये. लोभ असू दे. रागवायचं ते समोर बसून.

तुझा,
धाकटा