कानामात्रेचा हक्क

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पहाटे जाग आली ती कागदी टेपला भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या आवाजाने. खट्खट् खटाखट्! यंत्र भंगारात जाऊन जमाना झाला, पण माझ्या कानातून काही जात नाही. त्याच्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो आणि कंपनीतले लोक हसायचे, की हा युद्धनौकेच्या संगणकाचा प्रोग्राम लिहितोय की पाळणा?

तर बातमी अशी. तुमच्या नौदलाला अखेर अक्कल आली. एकाच कंपनीची कुलूपबंद पेटी जहाजावर चढवायची नाही. वेगवेगळे भाग एकमेकांना जोडणारे सांधे कसे असावेत ते जाहीर करायचं, मग ज्याला जमेल त्याने आपला भाग करून आणावा. हेच मी जन्मभर ओरडत होतो, तेव्हा मला वेड्यात काढलं. मीही माझा ‘मागोवा’ नव्याने लिहून पाठवलाय. रडारवरच्या ठिपक्यांतून कुठलं विमान कुठलं, हे धरून ठेवणारा भाग तो.

एकच अट घशाखाली उतरत नाही. पुढे कुणीही त्यात बदल करू शकेल म्हणे! अगं, वर्गात कविता म्हणताना एक कानामात्रा चुकली तर गुरुजी बाकावर उभं करायचे. तू नौदलाच्या त्याच निवडीच्या कचेरीत आहेस. तेवढं कलम खोडून घे. म्हाताऱ्याचा एवढा हट्ट पुरव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
आप्पा

२ मार्च

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट आलं त्याच दिवशी मला निवड समितीतून बाजूला व्हावं लागलं. साहेबांनी विचारलंच, हे बापलेकीचं दुकान आहे का? तुम्ही आधी नुसतं कळवलं असतंत तरी चाललं असतं.

चाचणीत तुमचा भाग पहिला आला, हे मला बाहेरून कळलं. पण कलम खोडलं जाणार नाही आणि मी शब्द टाकणार नाही.

दादाचं जहाज विसरलात? दोन विमानं एकमेकांना छेदून गेली की पडद्यावर त्यांची ओळख अदलाबदल होते, हे सगळ्या जहाजाला ठाऊक होतं. दुरुस्ती तुम्ही लिहून तयार ठेवली होती. पण पेटी कंपनीची. नवा करार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तोवर दादाने क्षेपणास्त्राचं बटण दाबलं आणि पडलं ते आपलंच विमान. तेव्हापासून तो आपल्या घराचा उंबरा चढला नाही. आणि आता कुलूप तुम्ही मागताय?

चष्म्याचा नंबर तपासून घ्या. अक्षर ओळीबाहेर चाललंय.

रागावलात तरी लोभ राहू द्या.
ठकू

९ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

लेकीने कान उपटले, बरं वाटलं, असं खोटं लिहवत नाही. दादाला मी किती पत्रं टाकली. एकाचं उत्तर नाही. कंपनीने निवृत्तीला घड्याळ दिलं, तेही बंद पडलं. माझं म्हणावं असं हेच एक उरलंय, तेही दहा जणांच्या हाती चिवडायला देऊ? मी सही करत नाही. प्रस्ताव मागे घेतला असं समज.

चष्मा ठीक आहे. लोभ ठेव, नाहीतर नको ठेवूस.
आप्पा

२१ एप्रिल

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

चाचणीत दुसऱ्या क्रमांकावर आलेला भाग घेतला. विमानं छेदून गेली की तोही गोंधळतो. फरक इतकाच, की तो आम्हाला उघडता येतो. दुरुस्तीचं काम एका लहानशा कंपनीला दिलंय. तिथे कुणी तरी हट्टाने ते मागून घेतलं म्हणे. जमेल त्याला, उशिरा का होईना.

तुमची दुरुस्ती मात्र पुन्हा एकदा तुमच्याच खणात पडून राहणार. या विषयावर मी आता लिहिणार नाही. गोळ्या वेळेवर घ्या.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे.
ठकू

२ मे

चि. ठकूस,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय. मघाशी बेल वाजली. दारात दादा. केस माझ्याइतके पांढरे झालेत गं त्याचे. ‘आप्पा’ अशी हाक मारली नाही, कसे आहात विचारलं नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाला, की त्या दुरुस्तीचं काम त्यानेच मागून घेतलंय. छेदून जाणारी विमानं वेगळी कशी ओळखायची तेवढं सांगावं, म्हणजे तो जाईल.

बाहेरच्या खोलीत बसलाय, बूट न काढता. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत आलोय. चष्मा नाकावरच आहे. खणातले कागद काढून ठेवलेत.

सांगून झालं की तो उठेल. ठकू, किती सावकाश सांगू?