पंच्याण्णव की अडतीस

ति. रत्नमालाआक्कास,
धाकट्या भावाचा सविनय जयभीम.

अमृताच्या लग्नाला सख्खा मामा आला नाही म्हणून तीन आठवडे तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र. तुझी शुगर कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? आम्ही इकडं खुशाल आहोत, आणि यावेळी त्याचा लेखी पुरावाही आहे.

झालं असं, की गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलो (थोडा कुरकुरतो, विशेष काही नाही), तर अपेक्षा नावाची शिकाऊ डॉक्टरीण दोन फॉर्म घेऊन आली. तब्येतीपायी आपलं जगणं किती सुखाचं किंवा दुःखाचं झालंय, हे पेशंटनं स्वतःच लिहायचं. एक फॉर्म पाच प्रश्नांचा, दुसरा छत्तीस प्रश्नांचा. एकाच माणसाची उत्तरं दोन्हींत जुळतात का, हे तिला बघायचं होतं. आता वाळूजच्या कंपनीत सव्वीस वर्षं मी तपासणी खात्यात फॉर्मच भरतोय, मला कोण शिकवणार? चालणं, अंघोळ, दुखणं, भीती, सगळ्यांपुढं धडाधड ‘त्रास नाही’ ठोकलं. शेवटी तब्येतीला शंभरपैकी गुण द्यायचे होते, तिथं पंच्याण्णव दिले. (पुरे शंभर दाखवले की ऑडिटरला संशय येतो.)

तेवढ्यात एक्स-रेला माझा नंबर लागला. मोठा फॉर्म विशाखाच्या हाती दिला, म्हटलं माझ्यासारखाच भर. आक्का, नवऱ्याच्या तब्येतीचा कोरा फॉर्म बायकोच्या हाती कधी देऊ नये. परत आलो तर छत्तीस प्रश्नांत माझी अब्रू मांडून ठेवलेली. जिना चढणं: अजिबात जमत नाही. चिडचिड: सतत. (गुडघ्याचा आणि चिडचिडीचा काय संबंध?) अपेक्षानं गुण काढले तर शंभरपैकी अडतीस! ती बिचारी दोन्ही कागद धरून माझ्याकडं बघतेय, तोच विशाखा म्हणाली, “पोरी, त्यांचं नको धरू. खाली बसले की उठवायला मी लागते, अन् म्हणं तरास नाय!” साऱ्या रांगेनं ऐकलं. शेजारच्या बाकावरच्या साळूबाईंनी तर आपल्या नवऱ्याचा फॉर्म ओढूनच घेतला. शेवटी अपेक्षानं मला नवे फॉर्म दिले आणि विशाखाला बाहेर बसवलं.

तुझा,
पुंडलिक

ता. क. विशाखानं पत्र वाचलं. ‘थोडा कुरकुरतो’ खोडायला सांगतेय. खोडलं असं समज.

आणखी ता. क. नव्या फॉर्मात प्रश्न होता: गेल्या चार आठवड्यांत तब्येतीमुळं नातेवाइकांकडं जाणं राहिलं का? आक्का, मला रजा मिळाली होती. लग्नाच्या सकाळी नवा शर्ट घालून स्टँडवर गेलो होतो. तुमच्या कन्नडच्या एसटीची पायरी चढता आली नाही. मागून लोक ओरडायला लागले, लाज वाटली, परत फिरलो आणि तुला रजेचं खोटं सांगितलं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. भीती वाटते का, या प्रश्नापुढंही मी आधी ‘नाही’ लिहिलं होतं. वाटते. तू ये.