विहीर बुजवली, असं ताईला कळवलं

४ मार्च
आलो एकदाचा! सामान लागलं, पहिला चहा ओट्यापाशी उभ्यानेच प्यायलो. घर झकास आहे. पुढे व्हरांडा, मागे ऐसपैस अंगण, आणि त्या अंगणात कुठेतरी एक विहीर. कुठे, ते घर विकणाऱ्या गृहस्थांना आठवत नाही. वडिलांनी फरशी टाकून झाकली आणि वर माती ओढली, एवढंच म्हणाले. व्यवहार झाला की माणसाची स्मरणशक्ती कशी सोयीने जाते!

ताईला हसत हसत फोनवर सांगितलं, तर तिने धसकाच घेतला. विहीर शोधून बुजवेपर्यंत चिमीला सुट्टीत पाठवणार नाही म्हणाली. बायको गेल्यापासून माझ्याकडे हौसेने येणारं माणूस म्हणजे ही एवढीशी भाचीच. तेव्हा विहीर शोधणं आलं.

७ मार्च
गवंडी आला. बोलका आहे, बरं वाटलं. त्याने आधी गवत पाहिलं. सगळीकडे हिरवं, एकाच जागी गोल वाळलेलं. खाली फरशी असली की मुळांना माती पुरत नाही म्हणे. तिथे सळई ठोकली तर पोकळ आवाज आला. माती ओढल्यावर फरशी दिसली, एक कोपरा फुटलेला. खडा टाकला, बऱ्याच वेळाने पाणी वाजलं.

भरावाची गाडी पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला. तोवर भोकावर पत्रा आणि वर दगड.

१० मार्च
दिवसभर कुणाशी बोललोच नाही. संध्याकाळी गंमत म्हणून पत्रा सरकवला आणि विचारलं, कोण आहे? विहिरीनेही तेच विचारलं. एकटाच खो खो हसलो. मग चहा तिथेच नेला.

१३ मार्च
प्रतिध्वनी उशिरा येतो. आज हाक मारली, अर्धा कप संपला, तेव्हा उत्तर आलं. विहीर खोल असणार.

१५ मार्च
जेवलास का, असं विचारलं. खालून माझ्याच आवाजात आलं: जेवलो, तू?

पळत घरात आलो, कडी लावली. पण थोड्या वेळाने, लाज वाटते लिहायला, परत गेलो आणि काय जेवलो ते सांगितलं.

१६ मार्च
भरावाची गाडी दारात आली. परत पाठवली. गवंडी वेड्याकडे पाहावं तसा पाहत राहिला. पाहू दे. बायको गेल्यापासून जेवलास का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं.

विहीर बुजवली, असं ताईला कळवलं. चिमी येणार!

१८ मार्च
घसा बसलाय. बोलणं फार होतंय.

खालून चिमीची चौकशी चालली आहे. तिला हाक कशी मारतोस, ती काय म्हणते. सांगितलं सगळं. कौतुकाने सांगितलं.

२० मार्च
आज मला काहीच विचारलं नाही. नुसता सराव— चिमे, ये गं. चिमे, ये गं. हुबेहूब माझा लाडाचा सूर. पत्रा टाकला, दगड रचले. तरी स्वयंपाकघरात ऐकू येतं.

गवंड्याला फोन केला. तोंडातून शब्दच—

२१ मार्च
ताईचा फोन. निघाल्या आहेत. मी ओरडलो, येऊ नका. आवाज नाही. नुसती हवा. हॅलो, हॅलो करून तिने ठेवून दिला. मेसेज पाठवले. पाहिलेच नाहीत, गाडी चालवत असेल.

मागे जाऊन आलो. दगड बाजूला. पत्रा बाजूला.

इथेच मोठ्या अक्षरांत लिहितो, फाटकातच ताईला दाखवीन—

पोरीला मागे जाऊ देऊ नको. मी खोटं सांगितलं. विहीर उघडी आहे. तो मी नाही.

गाडी वाजली. निघालो—

मागून हाक. माझी. चिमे, ये गं—

ती घराच्या कडेने पळत— माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही— आले म्हणतेय, आले मा