शेवाळाच्या वाट्याची एक ओळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकूनच). तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला आता नरमला असेल, असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

संग्रहालयात तू बावीस वर्षं जपलेल्या शेवाळाबद्दल लिहितोय. साहेबांना एक काचपेटी कमी करायची होती: तुझं शेवाळ, नाहीतर खोल समुद्रातला तो वीतभर शार्क. दोघांची तुलना करणारा फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी शार्कवर जो सुटलो तो थांबेचना. मिट्ट काळोखात राहतो काय, स्वतःच्या पोटाचा उजेड पाडतो काय (आपल्या घराण्यात हे कुणाला जमलेलं नाही)! अकरा ओळी झाल्या. तळाशी बोटभर जागा उरली, तिथे लिहिलं, ‘हे शेवाळ आहे.’ साहेबांनी वाचलं आणि शेवाळ अडगळीत गेलं. निवृत्तीला आठ महिने उरले असताना तू राजीनामा दिलास. एका शब्दाने भांडली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

परवा एक शिक्षिका आल्या. म्हणाल्या, “इथे एक शेवाळ होतं ना? त्या बाई पाणी शिंपडून दाखवायच्या.”

“वाळलं हो ते.”

“अहो, वाळलं म्हणून काय झालं!” जित्याजागत्या माणसाला मी ‘गेला’ म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अडगळीत गेलो. तुझा ट्रे तुटक्या खुर्चीखाली होता, शेवाळ काथ्यासारखं तपकिरी. बशीभर पाणी ओतलं. बघता बघता पानं उलगडली, हिरवं झालं. मी तिथेच फरशीवर बसलो. शार्क बरणीत चाळीस वर्षं स्पिरिट पितोय, एकदाही हललेला नाही. आणि हे बशीभर पाण्यावर उठून बसलं. इतकी वर्षं तू हेच सांगत होतीस, आणि मी ‘हो, हो’ म्हणत डबा खात होतो.

तुझा,
ढब्ब्या

ता. क.: साहेब पेटी परत द्यायला तयार आहेत, पण फलक नवा हवा. मला काही केल्या जमत नाही. चार ओळी तूच लिहून पाठव.

आणखी एक ता. क.: ‘हे शेवाळ आहे’ कुणी लिहिलं, असं साहेबांनी तेव्हा विचारलं होतं. फलक माझा असला तरी शेवाळ तुझं, म्हणून ती ओळ तुझी, असं मी सांगितलं. (हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. तीन कागद फाडले.) आज जाऊन खरं सांगितलं. साहेब म्हणाले, त्यांनी तेव्हा तुलाही विचारलं होतं, आणि तू म्हणालीस, “हो, मीच लिहिलं.”